ज्याच्या नावापुढे आकडा नाही

४ फेब्रुवारी २०१८. मिनियापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, म्हणजे सुपर बोलचा, पूर्वार्ध संपायला जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं. फिलाडेल्फिया ईगल्स संघ गोलरेषेपासून एका यार्डावर उभा होता आणि ही त्याची चौथी, म्हणजे शेवटची संधी होती. क्वार्टरबॅक निक फोल्स साथीदारांना सूचना दिल्यासारखं करत उजवीकडे सरकला. चेंडू त्याच्याकडे न जाता थेट कोरी क्लेमेंटच्या हातात पडला. क्लेमेंटने पळता पळता तो ट्रे बर्टनकडे दिला, बर्टनने फेकला आणि कुणाचं लक्ष नसलेल्या फोल्सने तो गोलरेषेपलीकडे झेलला. ईगल्सने न्यू इंग्लंड पॅट्रियट्सला ४१-३३ असं हरवलं आणि आपल्या इतिहासातला पहिला सुपर बोल जिंकला. ‘फिली स्पेशल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डावाचा पुतळाच आज फिलाडेल्फियाच्या स्टेडियमबाहेर उभा आहे. त्यात प्रशिक्षक डग पीडरसन आणि फोल्स बोलताना दिसतात.

गुणपत्रकात या डावापुढे दोन नावं आहेत: फेकणारा बर्टन आणि झेलणारा फोल्स. चेंडू जमिनीवरून उचलून, पायांमधून मागे, नेहमीच्या माणसाकडे न देता क्लेमेंटच्या हाताशी बिनचूक पोचवणाऱ्या ६२ नंबरच्या खेळाडूचं नाव तिथे नाही. ते असण्याची सोयच या खेळात नाही. त्या खेळाडूचं नाव जेसन केल्सी. तेरा हंगाम एकाच संघाकडून खेळून ४ मार्च २०२४ रोजी तो निवृत्त झाला, तेव्हा फिलाडेल्फियातल्या लोकांनी त्याला ज्या मायेने निरोप दिला, तशी माया भरपूर गुण मिळवणाऱ्या खेळाडूंच्याही वाट्याला क्वचित येते. आकडे नसलेल्या खेळाडूबद्दल चाहते बोलतात तेव्हा नेमकं काय बोलतात, हे समजून घ्यायला केल्सीइतकं चांगलं उदाहरण नाही.

आधी त्याचं काम समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याच्या सर्वांत पुढच्या फळीत पाच धिप्पाड माणसं वाकून उभी असतात. टोकाला दोन टॅकल, त्यांच्या आत दोन गार्ड आणि मधोमध सेंटर. या पाचांनी समोरच्यांना अडवायचं, मागच्या क्वार्टरबॅकला फेकायला वेळ द्यायचा, पळणाऱ्याला वाट करून द्यायची. पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना एरवी परवानगीही नसते. क्रिकेटमध्ये विकेटकीपर दिवसभर उठबस करतो, पण निदान त्याचे झेल आणि यष्टीचीत मोजले जातात. सेंटरचं तेवढंही मोजलं जात नाही. त्याच्या नावाचा पुकारा सहसा दोनच वेळा होतो: चेंडू नीट पोचला नाही तर, किंवा समोरच्याला हातांनी धरून ठेवल्याबद्दल पंचांनी दहा यार्डांचा दंड केला तर.

आणि तरी संघाचा जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्याच हातून सुरू होतो. एका सामन्यात साठ-सत्तर डाव धरले, तर केल्सीने नियमित हंगामात खेळलेल्या १९३ सामन्यांत बारा हजारांच्या आसपास वेळा हे काम केलं असणार. चेंडू मागे देणं, म्हणजे स्नॅप, हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग त्याच्या आधीच्या काही सेकंदांत असतो. सेंटर मान वर करून समोरची मांडणी वाचतो. बचावाच्या मधल्या लाइनबॅकरकडे बोट करून तो ओरडतो. ही नुसती आरोळी नसते. त्या एका माणसापासून मोजायला सुरुवात करायची आणि कोणी कोणाला अडवायचं ते ठरवायचं, असा त्याचा अर्थ असतो. समोरचे लोकही मुद्दाम जागा बदलतात, येतो असं दाखवून मागे सरतात. मग सेंटरला आधीचा हुकूम मोडून नवा द्यावा लागतो. डाव सुरू करायला मिळालेला वेळ संपत आलेला असतो आणि नाकासमोर दीडशे किलोचा माणूस अंगावर यायला टपलेला असतो. हात गुंतलेला असताना त्याच क्षणी त्याची धडक झेलायची असते.

परक्या मैदानावर तर हे आणखी कठीण होतं. यजमान चाहते इतका गोंगाट करतात की क्वार्टरबॅकचा आवाज चार फुटांवरही पोचत नाही. मग शब्दांशिवाय काम चालतं. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा बघतो आणि सेंटरला हाताने थाप देतो. सेंटर मान उचलतो किंवा हलवतो, एक ठोका थांबतो आणि चेंडू सोडतो. पाचही जण त्या एका ठोक्यावर हलतात. घरी टीव्हीवर बघताना आपली नजर चेंडूमागे धावते, त्यामुळे यातलं काहीच दिसत नाही.

केल्सी या कामासाठी घडवलेला माणूस नव्हता, असंच सगळ्यांचं मत होतं. तो ओहायोतल्या क्लीव्हलँड हाइट्सचा. सिनसिनाटी विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय संघात दाखल झाला. आधी चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक, मग लाइनबॅकर असं करत शेवटी तो पुढच्या फळीत आला. २०११ च्या निवड प्रक्रियेत सहाव्या फेरीपर्यंत त्याला कोणी घेतलं नाही. १९१ व्या क्रमांकावर ईगल्सने त्याला घेतलं. तेव्हा त्याचं वजन १२७ किलोच्या आसपास होतं. तुमच्या-माझ्यासाठी ते प्रचंड असलं तरी एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या सेंटरसाठी कमीच. पण त्या वर्षीच्या चाचण्यांत चाळीस यार्ड पळायला त्याला ४.८९ सेकंद लागले आणि आक्रमक फळीतल्या सगळ्या उमेदवारांत तो सर्वांत वेगवान ठरला.

हा वेग त्याच्या पूर्ण कारकिर्दीचा पाया आहे. समोरच्या अवजड माणसाला ताकदीने मागे रेटणं त्याला नेहमी जमायचं नाही. म्हणून तो कोनांवर काम करायचा: शेजारच्या गार्डबरोबर मिळून एकाला धक्का द्यायचा, त्याला गार्डच्या हवाली करायचं आणि आपण पुढे सुटून दुसऱ्या रांगेतल्या लाइनबॅकरला गाठायचं. त्याहून नवल वाटायला लावणारी त्याची खासियत होती ‘पुल’. चेंडू मागे देऊन, फळीतून बाहेर पडून, कडेने पळत जाऊन, पळणाऱ्या साथीदाराच्या पुढे रस्ता मोकळा करायचा. गार्ड हे नेहमी करतात. सेंटरचा हात स्नॅपमध्ये अडकलेला असल्याने त्याची सुरुवातच उशिरा होते, म्हणून सेंटरकडून ही अपेक्षा फार थोडे प्रशिक्षक ठेवतात. केल्सी मात्र मैदानाच्या कडेला, वीस यार्ड पुढे, एखाद्या हलक्या बचावपटूच्या अंगावर धावून जाताना दिसायचा. २०१३ मध्ये ईगल्सच्या लीशॉन मॅकॉयने १,६०७ यार्ड पळून सगळ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. तो आकडा मॅकॉयचा आहे, त्याच्याच नावावर राहील, आणि तो त्याने कमावलेलाही आहे. पण त्या हंगामाच्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या की मॅकॉय वळण घेतो त्या जागी बहुतेकदा ६२ नंबरची जर्सी आधीच पोचलेली असते.

इथे चाहत्यांच्या आठवणींना थोडं प्रामाणिक करावं लागेल. आज सगळेच म्हणतात की केल्सी पहिल्यापासून आमचा होता. तसं नव्हतं. २०१२ मध्ये दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचे अस्थिबंध फाटून त्याचा हंगाम संपला. २०१६ च्या सुमाराला तो समोरच्या जड खेळाडूंकडून मागे ढकलला जातोय, आता त्याला बदला, अशी कुजबुज नव्हे, उघड मागणी होत होती. पुढच्याच वर्षी त्याची लीगमधल्या सर्वोत्तम संघात, म्हणजे पहिल्या ऑल-प्रो संघात निवड झाली आणि ईगल्सने सुपर बोल जिंकला. ऑल-प्रोचा हा मान त्याला एकूण सहा वेळा मिळाला. शेवटचा २०२३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. सलग १५६ सामन्यांत पहिल्यापासून मैदानात उतरण्याचा क्लबचा विक्रमही त्याच्या नावावर आहे. सेंटरच्या नावापुढे एखादा आकडा असलाच तर तो असा, हजेरीचा.

या हजेरीची किंमत फिलाडेल्फियाला का कळली, हे त्या शहराचा स्वभाव समजल्याशिवाय ध्यानात येत नाही. या शहराचे क्रीडाप्रेमी अमेरिकेत बदनाम आहेत. डिसेंबर १९६८ मध्ये एका रटाळ हंगामाच्या अखेरच्या सामन्यात मध्यंतराला सांताक्लॉजच्या वेशात आलेल्या तरुणावर त्यांनी बर्फाचे गोळे फेकले. ती गोष्ट अजून सांगितली जाते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ईगल्सच्या तेव्हाच्या व्हेटरन्स स्टेडियमच्या तळघरात सामन्याच्या दिवशी न्यायाधीश बसवावा लागला, इतका दंगा व्हायचा. पण याच लोकांनी १९६० नंतर सत्तावन्न वर्षं एका विजेतेपदाची वाट पाहिली होती.

आणि सुपर बोल सुरू होण्याआधीच्या, १९६० च्या त्या विजेतेपदाच्या केंद्रस्थानीही एक सेंटरच होता. चक बेडनारिक. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमचा पोलादनगरीतला मुलगा, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातला तोफची. आक्रमणात सेंटर आणि बचावात लाइनबॅकर असा तो दोन्हीकडे खेळायचा. त्या काळी पगार तुटपुंजे असल्यामुळे हंगाम नसताना तो काँक्रीट विकायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘काँक्रीट चार्ली’. ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या सेकंदांत, गोलरेषेच्या दिशेने निघालेल्या जिम टेलरला पस्तीस वर्षांच्या बेडनारिकने खाली पाडलं आणि वेळ संपेपर्यंत उठू दिलं नाही. ईगल्स १७-१३ ने जिंकले. गंमत अशी की लोकांच्या लक्षात राहिला तो बचावात खेळणारा बेडनारिक. त्याच दिवशी सेंटर म्हणून त्याने काय केलं, हे कुणी सांगत नाही.

केल्सीच्या बाबतीत हे बदललं, आणि त्याला एक दिवस कारणीभूत झाला. सुपर बोलनंतर चार दिवसांनी, ८ फेब्रुवारी २०१८ रोजी, विजयाची मिरवणूक ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. केल्सी त्यात ‘ममर्स’च्या भरजरी हिरव्या पोशाखात आला. ममर्स ही फिलाडेल्फियाची परंपरा. दर १ जानेवारीला दक्षिण फिलाडेल्फियातल्या कामगार वस्त्यांमधली मंडळं महिनोन् महिने शिवलेले चमचमते पोशाख घालून, बँजो आणि सॅक्सोफोन वाजवत रस्त्यावर उतरतात. १९०१ पासून शहराने या मिरवणुकीला अधिकृत मान्यता दिलेली आहे. केल्सीने तो पोशाख अशाच एका वाद्यवृंदाकडून आणला होता. तो स्वतः शाळेत सॅक्सोफोन वाजवायचा. ओहायोतून आलेल्या माणसाने शहराच्या प्रतिष्ठितांचा नव्हे, तर मोहल्ल्यांचा वेश अंगावर घातला, आणि तो कुठला हे लोकांनी त्या क्षणी ठरवून टाकलं.

मग कला संग्रहालयाच्या पायऱ्यांवर, ‘रॉकी’ चित्रपटाने जगाला माहीत झालेल्या त्याच पायऱ्यांवर, तो बोलला. शिव्या होत्याच, सगळ्या शहरासमोर आणि थेट प्रक्षेपणात. पण भाषणाचा गाभा वेगळा होता. त्याने एकेक साथीदाराचं नाव घेऊन लोकांनी त्याच्याबद्दल काय म्हटलं होतं ते सांगितलं: हा म्हातारा झालाय, हा झेलू शकत नाही, हा अडवू शकत नाही, प्रशिक्षकाची नेमणूक त्या वर्षातली सर्वांत वाईट. हे म्हणणाऱ्यांत त्या गर्दीतलेही पुष्कळ असणार. आपल्याला कोणी मानत नाही ही भावना फिलाडेल्फियाच्या मनात न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या मध्ये दबून राहिल्यामुळे कायमची आहे, आणि त्या भावनेला केल्सीने त्या दिवशी वाचा दिली. डाव सुरू होण्याआधी साथीदारांच्या जागा ठरवून देणं हे सेंटरचं काम. त्या पायऱ्यांवर त्याने तेच केलं असं मला वाटतं. प्रत्येकाला त्याची जागा दिली.

त्यानंतरच्या सहा वर्षांत चाहत्यांना तो मैदानाबाहेरही भेटत राहिला. उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या सी आयल सिटीतल्या बारमध्ये साथीदारांसह ऑटिझमसाठी निधी गोळा करायला तो स्वतः पेयं ओतायचा. २०२२ मध्ये फळीतले साथीदार जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सन यांच्यासोबत नाताळच्या गाण्यांचा अल्बम काढून त्यातूनही त्याने धर्मादाय निधी उभा केला. त्याच वर्षी धाकटा भाऊ ट्रॅव्हिसबरोबर पॉडकास्ट सुरू केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हे दोघे सुपर बोलमध्ये समोरासमोर उभे राहिले. सुपर बोलच्या इतिहासात सख्खे भाऊ खेळाडू म्हणून एकमेकांविरुद्ध उतरल्याचा तो पहिलाच प्रसंग. ट्रॅव्हिसच्या कॅन्सस सिटी चीफ्सने ३८-३५ ने बाजी मारली. ट्रॅव्हिस चेंडू झेलतो, त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचे रकाने आकड्यांनी भरलेले आहेत. एकाच घरातले दोन मुलगे, एकाचं सगळं मोजलेलं आणि दुसऱ्याचं काहीच नाही. पॉडकास्टवर मात्र अडवणुकीचा तपशील जेसन इतक्या गोडीने सांगायचा की ज्यांना हा खेळ नुकताच कळू लागला होता, त्यांनाही फळीतल्या पाच जणांकडे बघावंसं वाटलं.

माझ्या मते त्याचा खरा वारसा इथे आहे. त्याच्या शेवटच्या दोन हंगामांत ईगल्सने एक डाव हुकमी करून टाकला. एखादा यार्ड हवा असला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स सेंटरच्या पाठीला चिकटून पुढे घुसायचा आणि मागून साथीदार त्याला ढकलायचे. हा डाव रोखणं कोणत्याच संघाला धड जमेना. बाकीच्या संघांनी नक्कल केली, तेव्हा कळलं की ढकलणं कोणालाही येतं. सगळं अवलंबून असतं ते पहिल्या अर्ध्या सेकंदात सेंटर आणि गार्ड किती खाली घुसतात त्यावर. त्या ढिगाऱ्याच्या तळाशी केल्सी असायचा. ज्या डावात झेल नाही, लांब धाव नाही, त्यावर देशभर वाद झाले, बंदीची मागणी झाली. या निमित्ताने सामान्य प्रेक्षक मधल्या माणसाचे खांदे कुठे आहेत ते पाहायला लागला.

त्या ढिगाऱ्याखालच्या शरीराचं काय होतं, हेही बोलायला हवं. पेनसिल्व्हेनियाच्याच दुसऱ्या टोकाला, पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर सत्तरच्या दशकात चार सुपर बोल जिंकला. सतरा हंगाम तो खेळला. निवृत्तीनंतर त्याची स्मरणशक्ती, झोप, संसार सगळं विस्कटत गेलं आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणाऱ्या विकाराच्या, सीटीईच्या, खुणा सापडल्या आणि २००५ मध्ये त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. व्यावसायिक फुटबॉलपटूत हा विकार आढळल्याची ती पहिली नोंद, आणि तो खेळाडू सेंटर होता. सेंटरचं डोकं जवळपास प्रत्येक डावात कशावर तरी आदळतं. त्यातले बहुतेक धक्के बेशुद्ध पाडण्याइतके मोठे नसतात. लहान असतात आणि हजारोंनी असतात. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, तेव्हा ११० मध्ये सीटीई आढळला. हे मेंदू बहुतांशी शंका आलेल्या कुटुंबांनीच दान केले होते, म्हणून हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही. तरीही तेरा वर्षांनी केल्सी थांबला तेव्हा ‘अजून एक वर्ष खेळ’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘बरं झालं, स्वतःच्या पायांनी बाहेर पडलास’ म्हणणारे चाहते मला जास्त शहाणे वाटतात.

त्याचा शेवटचा हंगाम दुःखद होता. पहिल्या अकरा सामन्यांपैकी दहा जिंकलेला संघ नंतर कोसळला आणि १५ जानेवारी २०२४ रोजी टॅम्पात ३२-९ असा हरून बाहेर पडला. कडेला उभा केल्सी डोळे पुसत होता, त्याने फळीचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांना मिठी मारली. सात आठवड्यांनी, बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून तो ईगल्सच्या सराव केंद्रात बोलायला उभा राहिला. आई-वडील, पत्नी आणि भाऊ समोर बसले होते. रडू आवरत नसल्यामुळे सुरुवातीला त्याला बराच वेळ बोलताच आलं नाही. मग चाळीस मिनिटांहून जास्त बोलला. स्वतःच्या पदकांवर तो फारसा थांबला नाही. लहानपणी हा खेळ कसा आवडला, वडिलांनी काय सांगितलं, भावाने काय दिलं, कोणत्या प्रशिक्षकाने विश्वास टाकला, यातच तो रमला.

ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये निवृत्तीनंतर पाच हंगाम उलटल्याशिवाय नाव जात नाही. त्यामुळे केल्सीचा विचार २०२९ च्या तुकडीत होईल. निवड समितीसमोर त्याचे यार्ड नसतील, टचडाउन नसतील. त्यांना चित्रफिती बघाव्या लागतील आणि त्याच्यासमोर खेळलेल्यांना विचारावं लागेल.

त्याची जागा कॅम जर्गन्सने घेतली. २०२२ मध्ये संघाने जर्गन्सला निवडलं, त्याआधी व्यवस्थापनाने महाविद्यालयीन सेंटरच्या चित्रफिती दाखवून केल्सीचं मत घेतलं होतं, आणि आपल्यासारखाच वेगवान असलेला हा मुलगा त्याला सर्वांत आवडला होता. दोन वर्षं जर्गन्स त्याच्या हाताखाली शिकला. दुसऱ्या वर्षी शेजारी गार्ड म्हणून खेळलाही. २०२४ च्या हंगामात त्याच्या फळीमागून सॅक्वॉन बार्कलीने २,००५ यार्ड पळून दोन हजारांचा टप्पा ओलांडला. पुढे सुपर बोलआधीच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जर्गन्सची पाठ इतकी दुखत होती की सुरुवातीला गार्ड लँडन डिकरसनला सेंटर म्हणून उतरावं लागलं. डिकरसनचा गुडघा दुखावल्यावर उत्तरार्धात जर्गन्स तशाच पाठीने मैदानात आला. दोन आठवड्यांनी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सने चीफ्सला ४०-२२ असं हरवून दुसरा सुपर बोल जिंकला. त्यानंतर जर्गन्सने पाठीवर शस्त्रक्रिया करून घेतली.